कादरचा दीड तास

कादर,

तुझ्या जनाज्याची वेळ मी चार ठिकाणी विचारून घेतली. आधी तुझ्या पोराला, जुनेदला. मग मशिदीत. मग कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर. तरी जीव थाऱ्यावर येईना म्हणून पुन्हा भाभींकडे निरोप धाडला. फोनवर आलेल्या वेळेवर माझा भरवसा नव्हता, आणि त्याचं कारण तुझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? सगळीकडून एकच उत्तर आलं, दुपारी दोन. मी साडेबाराला तुझ्या अंगणात हजर होतो. बावीस वर्षांच्या भागीदारीत तुझ्या कामाला मी पहिल्यांदा वेळेआधी पोचलो, आणि टोमणा मारायला तूच नव्हतास.

अंगणातल्या खुर्च्या आपल्याच होत्या. सकाळी मीच पाठवल्या. त्यांत ती तार बांधलेली लाल खुर्चीही आली होती, जी तू मुद्दाम रुसणाऱ्या मामालोकांसाठी बाजूला काढून ठेवायचास. नेमकी तीच माझ्या वाट्याला आली. मी बसलो, ती डुगडुगली, आणि त्या घरात, त्या वेळी, कादर, मला हसू आलं. रुमाल तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडतोय. रडतही होतोच म्हणा.

तुला जाऊन पंधरा दिवस झाले. चाळिसावा व्हायचाय अजून. वलगावातलं आपलं बिछायत केंद्र मी चौथ्या दिवशी उघडलं. सतरंज्या, कनाती, बांबू, भात शिजवायचे गंज, सगळं जिथल्या तिथे होतं. मेटॅडोरमध्ये माल घेऊन तू पुढे जायचं आणि टेम्पोत माणसं घेऊन मी मागून यायचं, ही आपली जुनी वाटणी. आता पुढे कोणी जायचं, हा प्रश्न दहा दिवस मी टाळला. माणसंही विचारत नव्हती.

तुझी ती लांबोडकी डायरी होती तोवर सगळं ठीक होतं, असं तू म्हणायचास. ठीक कसलं रे? पेन्सिलीनं लिहिलेलं तुझं तुलाच लागत नव्हतं. एकदा वरणाच्या गंजात ती पडली आणि अर्धा वैशाख वरणात गेला. त्याच वर्षी जुनेद शारजाच्या नोकरीतून सुटीवर आला, तुला स्वतःचा तिकडे वापरलेला जुना फोन दिला, मला नवा घ्यायला लावला आणि दोन्हींत एकच कॅलेंडर जोडून दिलं. "अब्बा, तुमी तिकडे लिहा, काकाले इकडे दिसते," एवढं सांगून तो विमानात बसला.

काय दिवस होते ते! तू एक बुकिंग लिहायचास आणि लगेच मला फोन करायचास, "सिंक झालं का?" जणू चुलीवरची डाळ शिजली का विचारावं. मी म्हणायचो झालं. तू म्हणायचास, "पाय बे, मी इथी, तू तिथी, आन् वही एकच!" त्या आनंदात आपण जुनेदचीही भानगड करून ठेवली होती. त्याचंही कॅलेंडर आपल्याशी जोडलं गेलेलं. एका बुधवारी आपल्या दोघांच्या फोनवर उमटलं, 'दाढ काढणे'. तू माझ्याकडे पाहिलंस, मी तुझ्याकडे. तुझी का? नाही. माझी पण नाही. मग तू थेट शारजाला फोन लावलास, "दाढ दुखून राहिली त सांगत काहून नाही बे बापाले?" तेव्हापासून दर शुक्रवारी तू दुकानातून ओरडायचास, "जुनेद, कपडे धू!" तिकडे पोरगा कपडे धुवायचा की नाही कोण जाणे, पण इकडे तू समाधानानं चहा मागवायचास. जुनेदनं पुढे ते तोडून टाकलं, तेव्हा तू दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नव्हतास, जसं काही मीच तोडलं.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं.

त्या हंगामात मी कुठंही पोचलो की तू आधीच येऊन ताटकळलेला. भरलेली मेटॅडोर उभी, ड्रायव्हर झोपलेला, आणि तू लग्नघराच्या ओट्यावर कोणातरी माणसाशेजारी डबा उघडून बसलेला. मला पाहून हात धुवायचास आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, "आले नवरदेव!" मला राग यायचा. मी वेळेवर आलेलो असायचो. मला वाटायचं, हा माणूस दिवसेंदिवस उतावळा होत चाललाय. तुला वाटायचं, पल्हाद दिवसेंदिवस आळशी होत चाललाय. गंमत म्हणजे तुझा फोन आठवणीची घंटी वाजवायचा तीही नेमकी मी पोचल्यावर. तू तो सगळ्यांना दाखवायचास, "याले पल्हादच्या पायाचा आवाज समजते."

आता विचार केला की कपाळावर हात मारावासा वाटतो. अख्खा हंगाम आपण दोघांनी एकदाही आकडा उच्चारला नाही. तू फोनवर म्हणायचास, "टाइम झाला ना बे!" मी म्हणायचो, "टाइमावरच येऊन राहिलो." किती वाजताचा टाइम, हे विचारायची वऱ्हाडात पद्धत कुठं आहे? अकरा पस्तीसचा मुहूर्त छापायचा, आणि तीन वाजेस्तोवर नवरदेव वेशीतच नाचत असायचा. आपल्या गावांमध्ये दीड तास म्हणजे चुकीत धरतच नाहीत. दुसऱ्या कुठल्या मुलखात आठ दिवसांत उघडकीला आलं असतं, आपल्याकडे चार महिने खपून गेलं.

उघडकीला आलं ते अंजनगाव सुर्जीला. मला त्या दिवसाबद्दलच बोलायचंय, कादर. बाकी सगळं मी त्याला टाळत टाळत लिहिलं.

कपाशीवर बोंडअळीनं हात फिरवला होता त्या वर्षी. घरोघरची लग्नं आवरती घेतलेली, आणि तालुक्याच्या गावी अकरा जोडप्यांचा सामूहिक विवाह ठरलेला. मांडव दुसऱ्याचा होता, खुर्च्या, सतरंज्या आणि गंज आपले. बुकिंग तू लिहिलं होतंस. माझ्या फोनवर साडेदहा. मी सव्वादहालाच वेशीत शिरलो, म्हटलं आज तरी कादरचं तोंड बंद. पाहतो तर काय, मांडवात बायाबापड्या जमिनीवर, पाहुणे उन्हात, कमिटीची माणसं लाल झालेली, आणि मेटॅडोरमधून खुर्च्या कोण उतरवतंय? तू, ड्रायव्हर आणि बाशिंग बांधलेले दोन नवरदेव! एका नवरदेवाच्या बाशिंगाचे मणी सतरंजीत अडकलेले, आणि तू ते सोडवत होतास.

टेम्पोच्या आवाजात मला तुझे सात फोन ऐकू आले नव्हते.

"नऊ लिवलं होतं म्या, नऊ!" तू ओरडलास.

"साडेदहा हाय!" मी फोन तुझ्या नाकासमोर धरला. तू तुझा माझ्या नाकासमोर धरलास. दोन्ही फोन खरं बोलत होते, आणि आपल्या दोघांनाही समोरचा लबाड वाटत होता. माणसं जमली. कमिटीतला एक जण म्हणाला, "तुमचं तुमी ठरवा, आमचं त वाटोळं झालं." आणि मी, सगळ्यांसमोर, आपल्या माणसांसमोर, तुला म्हणालो, "तुह्यानं आता होत नाही कादर. उद्यापासून येऊ नको. मी एकटा पाहून घेतो."

तू गप्प झालास. तुला गप्प झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात एक नवरी पुढे आली. हिरवा शालू, मुंडावळ्या, कोपरापर्यंत मेंदी. ती तिथंच कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची म्हणे. "काका, द्या बरं दोन्ही," म्हणाली. मेंदी बिघडू नये म्हणून तिनं फक्त करंगळीनं तुझा फोन चाळला. तिची आई मागून ओरडतेय, "अवं, आज तरी ठेव ते!" आणि ती मान न वळवता म्हणते, "आई, एक मिनिट." मग तिनं तुझ्याकडे पाहिलं आणि हसायलाच लागली. "चाचा, तुमचा फोन वलगावात हाय, पन तुमचं कॅलेंडर अजून शारजातच बसेल हाय. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मांगं. तुमी नऊ लिवले त काकाले साडेदहा दिसते. काकानं दहा लिवले त तुमाले साडेआठ. तुमी दोघंबी खरे."

मांडवात असा हशा उसळला की कमिटीवालेही हसले. अकरा नवरदेव आणि आपली सगळी माणसं मिळून पंधरा मिनिटांत खुर्च्या लागल्या. तू त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवलास आणि तिच्या नवऱ्याला म्हणालास, "बेटा, हिच्याशी टाइमावरून भांडशील नको कधी." तिनं करंगळीनंच तुझं कॅलेंडर शारजाहून वलगावला आणलं आणि बोहल्यावर जाऊन उभी राहिली.

येताना मी टेम्पोऐवजी तुझ्याबरोबर मेटॅडोरमध्ये बसलो. बोलायचं होतं म्हणूनच बसलो होतो. वलगावपर्यंत जीभ उचलली नाही. दुकानासमोर उतरताना तू किल्ल्या माझ्या हातात दिल्यास आणि अगदी साळसूद चेहऱ्यानं विचारलंस, "मंग? येऊ का उद्या?"

मी म्हणालो, "नाटक नको करू."

तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. शटर ओढलं की, "येऊ का उद्या?" आणि मी, "चाल निघ," नाहीतर "भाभीले सलाम सांग," नाहीतर नुसतीच मान. तुला थट्टा म्हणून पुरत होतं का रे ते? की तू रोज खरंच विचारत होतास? चुकलो, एवढंच म्हणायचं होतं मला. फोनची चूक होती हे मी शंभर ठिकाणी सांगितलं, हसत हसत, रंगवून सांगितलं. माझी चूक होती हे तुला एकट्याला सांगायचं तेवढं राहिलं.

अंजनगावनंतर असं ठरलं की नोंदी मीच करायच्या. तुझी एकच अट होती, पुसायचं काही नाही. भातकुलीचे वानखडे मागच्या वर्षी दुकानात आले, धाकटीचं लग्न रद्द करा म्हणून सांगायला. कापूस गेला होता. मी फोन काढला, नोंद पुसायला अंगठा ठेवला, आणि तू माझा हात धरलास. "पुसू नको. पुढच्या वर्षात टाक. लग्न मोडलं नाही, पुढे गेलं." वानखडे तुझ्याकडे पाहतच राहिले. तशी बारा लग्नं आपण पुढच्या वर्षात टाकली होती. नऊ लागली, कादर. तुला शेवटचा आकडा माहीत नसेल म्हणून सांगतो.

पण एक गोष्ट तशीच राहिली. कॅलेंडर वलगावला आलं तरी तू मात्र पूर्वीसारखाच दीड तास आधी जात राहिलास. मी म्हणायचो, "आता त फोन सुधरला, आता काहून?" तू म्हणायचास, "सवय पडली बावा." आणि मी पोचलो की तसाच ओट्यावर डबा उघडून बसलेला. मी चिडवायचो, एक जेवण घरी, एक लग्नघरी. तू पोटावरून हात फिरवायचास.

परवा भाभींकडे गेलो. जुनेद शारजाला परत निघाला होता. त्यानं तुझा फोन माझ्या हातात दिला, "काका, बुकिंगा यातच हायेत, तुमीच ठेवा." मी उघडला. भातकुली, वानखडे, मांडव. मी नोंदवलं होतं दहा. तुझ्या फोनवर साडेआठ. मी दोनदा चष्मा पुसला. तुझं कॅलेंडर पुन्हा शारजात जाऊन बसलं होतं.

जुनेद म्हणाला, "अंजनगावच्या तिसऱ्या दिवशी अब्बाचा फोन आला होता. म्हने, त्या पोरीनं बिघडवलं, पहिल्यासारखं कसं करू सांग. मीच सांगतलं." त्याला वाटत होतं, बापाला आपल्या पोराचं घड्याळ जवळ हवं होतं. मलाही तसंच वाटलं. तूही तसा होतास, दाढ दुखली तर शारजाला फोन लावणारा. मी पोराच्या खांद्यावर थोपटलं. तेवढ्यात आतून भाभी म्हणाल्या, "भैया, कल काम पे जाओगे तो डब्बा याद से ले जाना. वो तो रोज दो जनों का ले जाते थे." मी म्हटलं, हो भाभी, भूकच होती त्याला तेवढी.

काल पहिल्यांदा मी मेटॅडोर घेऊन पुढे गेलो. तुझ्या फोनच्या हिशोबानं, साडेआठला भातकुलीत. माणसांना दहालाच बोलावलं होतं. का गेलो इतक्या लवकर? तू तिथं दीड तास काय करायचास, ते एकदा पाहावं म्हणून. बाकी काही मनात नव्हतं.

लग्नघर जागं झालेलं. बाया हळदीच्या गडबडीत, स्वयंपाकी चूल मांडतोय, पोरं टोळ्यांनी धावताहेत. मला कोणी विचारलं नाही, मीही कोणाला विचारलं नाही. हिंडत हिंडत मागच्या बाजूला गेलो तर गोठ्याच्या भिंतीला टेकून वानखडे एकटेच उभे. नवा सदरा, घडीही न मोडलेला. नजर कुठंतरी लांब. मला पाहून दचकले, आणि मग माझ्या मागं पाहिलं, अजून कोणी येतंय का म्हणून.

"कादरभाई..." ते म्हणाले आणि थांबले. तू गेल्याचं त्यांना कळलं होतं. तोंडातून मात्र निघून गेलं.

मी म्हटलं, "हो ना भाऊ."

मग तेच बोलायला लागले. "मोठीच्या लग्नाले ते असेच आले होते. इथीच. मी इथीच उभा होतो. घरात शंभर मानसं, हे आना, ते आना, सारे मलेच इचारून राह्यले. त्यायनं काय इचारलं मालूम हाय? म्हने, जेवले का तुमी? दोन दिसांत मले कोनी इचारलं नव्हतं. डबा उघडला, बसवलं, म्हने आधी खा, पोरगी तुमची कुठी पळून नाही जात." ते हसले. डोळे पुसले. "मले वाटलं आजबी येतीन."

म्हणजे असं होतं तर.

प्रत्येक ओट्यावर तुझ्याशेजारी बसलेला तो माणूस. प्रत्येक वेळी वेगळा, प्रत्येक वेळी तसाच नवा सदरा. माझ्या कधी लक्षात आलं नाही की तो दर वेळी मुलीचा बाप असायचा. तू चार महिने शारजाच्या चुकीनं ताटकळलास, त्या ताटकळण्यात तुला ही माणसं सापडली, आणि चूक दुरुस्त झाली तेव्हा तू ती मागून परत घेतलीस. एवढ्या वाईट वर्षांमध्ये, कादर, आणि मी तुला खादाड म्हणत राहिलो. एका शब्दानं बोलला नाहीस. बोलला असतास तर मी म्हटलं असतं, धंदा कर, समाजसेवा नको करू. म्हटलंच असतं मी. तू मला पक्का ओळखून होतास.

मी मेटॅडोरमधून डबा आणला. माझ्या बायकोनं एकाचंच दिलं होतं, तीन पोळ्या आणि वांग्याची भाजी. "जेवले का भाऊ?" मी विचारलं. वानखड्यांनी नाही म्हणून मान हलवली. दीड दीड पोळी झाली. भाजीत मीठ कमी होतं, आम्ही दोघांनीही ते मोठ्यानं सांगितलं आणि दोघंही हसलो. मग ते कपाशीबद्दल बोलले, व्याह्यांबद्दल बोलले, मुलीला सायकल शिकवताना आपण स्वतःच कसे नालीत पडलो ते सांगितलं. इतकं हसलो की आतून त्यांची बायको पाहायला आली. नवऱ्याला जेवताना पाहून ती परत गेली आणि तिनं दोन पेले चहा पाठवले.

तेवढ्यात टेम्पो आला. माणसं उतरली, मला ओट्यावर बसलेला पाहून जागच्या जागी थांबली. आणि खिशात तुझा फोन वाजला. दहा वाजले होते. तू असतास तर म्हणाला असतास, पाय, यालेबी टेम्पोचा आवाज समजते. मी हात धुतले आणि माणसांकडे पाहून जोरात ओरडलो, "आले नवरदेव!"

मांडव झकास लागला. ती लाल खुर्चीही नेली होती. मामा तिच्यावर बसले.

तुझा फोन मी तसाच ठेवलाय, शारजातच. माझं कॅलेंडरही तिकडेच नेऊन बसवलं, म्हणजे लिहून ठेवलेली कामं मलाही दीड तास आधीची दिसतील. अंजनगावच्या त्या नवरीला फोन करून विचारलं, कसं करायचं. ती म्हणाली, काका, लोक सुधरवाले फोन करतात, तुमी बिघडवाले करून राहिले. मी तिला सगळं सांगितलं. मग तिनं मला एक एक पायरी सांगितली.

आज संध्याकाळी शटर ओढलं. किल्ल्या हातात घेऊन जरा थांबलो. तू जिथं उभा राहायचास तिथं पाहून म्हणालो, चुकलो कादर. माझ्यानं एकट्यानं होत नाही. पानठेल्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं, पाहू दे.

उद्या वलगावातच काम आहे, दहाचं. साडेआठला मी तिथं ओट्यावर असेन, डबा दोघांचा सांगितलाय. तू रोज विचारायचास ना? ये. या खेपेला उशीर तू कर, मी थांबतो.

तुझा,
पल्हाद